भरल्या ओटीची गवर

तेरड्याचं घराणं वनस्पतींच्या जगात तसं लहानच. घरात भाऊ दोन. थोरला म्हणजे आपला नेहमीचा तेरडा. त्याचा गोतावळा मोठा, डोंगरोडोंगरी पसरलेला, पण स्वभावाने तापट. त्याच्या पिकल्या बोंडाला नुसतं बोट लागायचा अवकाश, फट्‌कन फुटून बिया तुमच्या अंगावर उडवणार. धाकटा मात्र एकटा, त्याच्यामागे गोतावळा नाही. तळ्याच्या चिखलात पाय रोवून उभा राहतो आणि तोंड उघडत नाही. त्याचं फळ पिकतं, लाल होतं, पाण्यात पडून तरंगत जातं. गर कुजला की बिया आपसूक गाळात बसतात. फुटणं म्हणून त्याला ठाऊकच नाही.

वेळथरच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर असलेल्या संशोधन केंद्रात कुणी पाहुणे आले, की दर्शना पाष्टे त्यांना ही गोष्ट अशीच सांगायची. ती केंद्राची बी-शास्त्रज्ञ, आणि वेळथर तिचं माहेर. गावातल्या लोकांना वाटायचं, पोर आपल्याच घरची गोष्ट सांगतेय. कारण पाष्ट्यांच्या घरातही भावंडं दोनच. मंगेश बोलायला गेलं की फुटणारा, आणि दर्शना पोटातलं ओठावर न आणणारी.

या दोन भावांची सांगड घालायची, हे तिचं काम. कारणही तसंच होतं. त्या काळात पोराचा गुडघा खरचटला तरी आयांच्या पोटात गोळा यायचा. जंतूंनी जुनी सगळी औषधं पचवली होती. दात काढायला गेलेला माणूस परत येईल याची खात्री नव्हती. आणि तेरडा मात्र हजारो वर्षं आपली बी ओल्या, जंतूंनी बुजबुजलेल्या मातीत टाकत आला होता आणि ती सडत नव्हती. बियांमध्ये अगदी छोटी प्रथिनं असतात, ती जंतूला भोक पाडतात. कारखान्याच्या टाक्यांमध्ये ती बनवून पाहिली, तर त्यांच्या घड्या चुकीच्या पडायच्या आणि चुकलेली घडी काही मारायची नाही. घडी घालावी ती बीनेच.

पण बी हाताला लागेल तर ना! तेरड्याच्या बोंडाच्या पाच पाकळ्या पाण्याच्या दाबाने ताणून बसलेल्या असतात. कापणीचा हात पोचेपर्यंत त्या गुंडाळून मोकळ्या होतात आणि बी शेजारच्या शेतात. म्हणून दर्शनाने धाकट्या भावाचा न फुटण्याचा गुण काढून थोरल्याच्या अंगात घातला. गुण एकटा आला नाही. बोंडाचं साल जाड आणि हवेने फुगलेलं झालं, धाकट्याचं असतं तसंच. पाण्यावर तरंगेल असं. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. कातळावरच्या पिकाला तरंगायचं कुठे आहे?

आणखी एक करामत केली होती, ती पुढचा विचार करून. हे पीक सध्या जाळीच्या मांडवात असलं तरी उद्या उघड्या शेतात जाणार, आणि भोवती डोंगरभर रानतेरडा. मधमाशीला कुंपण कळत नाही. दोन पिढ्यांत रानाचा फुटका स्वभाव पिकात परत शिरला असता. म्हणून नव्या गुणासोबत एक कात्री बसवली. एरवी आईबापांचा गुण पोराबाळांत निम्मा-निम्मा वाटला जातो. ही कात्री जोडीदाराकडून आलेला जुना गुण कापून टाकायची आणि त्याच जागी स्वतःची नक्कल करून ठेवायची. म्हणजे पोरं सगळी बंद तोंडाची. त्यांची पोरंही तशीच, आणि त्यांचीही.

केंद्राच्या प्रमुख डॉ. अनघा वर्तक सगळ्यांना एकच तंबी द्यायच्या. "एक रोप, एक बोंड जरी जाळीबाहेर गेलं, तर मला कळवायचं. गेलेलं गोळा करून जाळायचं, आणि चौकशी संपेपर्यंत बी, औषध, सगळं सीलबंद. मग ते कुणासाठी का असेना."

हे शेवटचं वाक्य दर्शनाकडे बघून असायचं का, कोण जाणे. कारण पहिल्या तुकडीचं औषध ज्या मोजक्या रुग्णांना मिळणार होतं, त्यात मंगेशची लेक ओवी होती.

ओवी चार वर्षांची. अंगणात पडली, मांडीचं हाड दुखायला लागलं, आणि हाडात पू झाला. तीनदा मांडी उघडून साफ केली होती. आता शहरातल्या हॉस्पिटलात डॉक्टर पाय काढायचं बोलत होते, आणि पाय काढूनही पोर राहील असं छातीठोक सांगत नव्हते. गणपतीच्या आधी दर्शना तिला भेटून आली. जाताना सड्यावरच्या रानतेरड्याची पिकायला आलेली बोंडं ओल्या फडक्यात गुंडाळून नेली. ओवीच्या तळव्यावर एक ठेवलं आणि म्हणाली, "दाब."

फट्‌! बिया चादरीवर उडाल्या, एक सलाईनच्या नळीला चिकटली. ओवी दचकली आणि मग खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मंगेश पलंगाच्या कडेला पाठ करून उभा राहिला.

"औषध येतंय ना, दर्शना?" बाहेर आल्यावर त्याने विचारलं. एरवी ज्याचा आवाज चार घरं ऐकायची, तो माणूस कुजबुजत होता.

"गवरी झाल्या की लगेच. मी स्वतः आणते," ती म्हणाली.

वेळथरात गवर म्हणजे तेरडा. मुखवटा नाही, मूर्ती नाही. सड्यावर एक बारमाही झरा आहे, त्याच्या काठचा तेरडा मुळासकट उपटायचा, सुपात घालायचा, वर धुतलं फडकं टाकायचं आणि घरी आणायचा. आणणारी माहेरवाशीण झऱ्याच्या पाण्याची गुळणी तोंडात धरते. उंबऱ्यापर्यंत बोलायचं नाही, मागे वळायचं नाही. केंद्राचं कुंपण पडलं तेव्हा तो झरा आत गेला. गाव चिडलं होतं. दर्शनाने मध्ये पडून तोडगा काढला की गवरीच्या दिवशी बायकांसाठी फाटक उघडायचं. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं.

त्या वर्षी एक गोष्ट तिच्या ध्यानात राहिली नाही. जाळीच्या भोवती मोकळा पट्टा राहावा म्हणून केंद्राने झऱ्याकाठचा सगळा तेरडा खणून काढला होता. तिनेच सही केली होती. पोरीच्या दुखण्यात माणसाचं डोकं ठिकाणावर कुठे असतं?

गवरीच्या दिवशी ती पुन्हा ओवीला बघून हॉस्पिटलातून परस्पर सड्यावर आली, तेव्हा बायका झऱ्यापाशी तिचीच वाट बघत होत्या. सुपं तयार होती, फडकी टाकलेली. "किती गो उशीर," म्हणत तिच्या आयने, सुगंधाने, तिच्या तोंडाला झऱ्याच्या पाण्याचा तांब्या लावला. गुळणी भरल्यावर सूप तिच्या हातावर दिलं. केंद्राचा राखणदार भिवा फाटकापाशी हात जोडून उभा होता. वेळथरचाच माणूस, चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान.

वाट निम्मी उतरल्यावर वारा आला आणि सुपावरचं फडकं उडालं. तेरडा भरगच्च होता. इतकी बोंडं एका रोपावर रानात कधी टिकत नाहीत, अर्धी तर उपटतानाच फुटून जातात. दर्शनाने अंगठ्याने एक दाबलं. ते रबरासारखं दबलं आणि परत फुगलं.

हे जाळीतलं पीक होतं. मागून आयचा आवाज येत होता, मोठ्या कौतुकाने शेजारणीला सांगत होती. "झऱ्यावर काडी नाय शिल्लक, गो. मग मीच भिवाला म्हटलं, जाळीत एवढा तेरडा हाय, गवरीला नाय म्हणशील? कोण म्हणंल! त्याने उघडलान दार. आणि काय तेरडा! हाताळला तरी एक बोंड फुटत नाय. गवर कशी भरल्या ओटीची दिसते!"

पाच घरांच्या पाच गवरी. दर्शनाच्या डोक्यात हिशोब स्वच्छ होता. बोंडं अजून हिरवी होती, बी तयार व्हायला दोनेक दिवस लागणार. आत्ता गुळणी थुंकली, चार शब्द बोलली, की सगळी रोपं इथल्या इथे परत घेता येतील. पाटीभर काड्या, एक काडेपेटी, काम संपलं. पण मग वर्तकबाईंना कळवायचं. आणि मग औषध सीलबंद.

ती चालत राहिली. गवर आणताना बोलायचं नसतं. ही रीत त्या वाटेवर तिला फार सोयीची वाटली, आणि हे तिला तेव्हाही कळत होतं.

सुगंधा पायवाटेने पुढे जाऊन उंबऱ्यात उभी राहिली होती. तिच्या एका हातात भाकरतुकडा आणि दुसऱ्या हातात फोन. फोनमध्ये मंगेश होता. त्याने फोन खाली धरला आणि उशीवरची ओवी दिसली, ओठ सुकलेले, डोळे तेवढे मोठे.

"आत्या, गवर दाखव."

दर्शनाने सूप जरा तिरकं केलं.

"कोण आली गो?" सुगंधाने रीतीप्रमाणे विचारलं.

आता गुळणी टाकायची आणि बोलायचं. दर्शनाने पाणी अंगणाच्या कडेला टाकलं. तोंड मोकळं झालं. तिने आयकडे पाहिलं, मग फोनकडे.

"गवर आली," ती म्हणाली.

"काय घेऊन आली?"

"भरली ओटी घेऊन आली."

पलीकडून ओवीने टाळी वाजवायचा प्रयत्न केला. हाताला सुई टोचलेली असल्याने तो जमला नाही.

पुढचा दिवस दर्शना वेड्यासारखी घरोघर फिरली. हळदीकुंकवाला म्हणून जायची, गवरीपुढे वाकायची आणि पदराआड हळूच बोंडं खुडायची. आपल्या घरची तिने सगळी काढली. दुसऱ्या घरची काढली. तिसऱ्या घरी म्हातारी मांडवकरीण समोरच बसली होती. तिने मनगट धरलं.

"शिकलेली बाय तू, आणि गवरीची ओटी रिकामी करतंस? पोर आजारी हाय ना घरात?"

दर्शनाच्या हातातली बोंडं गळून पाटावर पडली. म्हातारीने ती एकेक उचलून परत गवरीच्या पायाशी ठेवली. आता पदर पसरून सगळ्यांना खरं सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं. दर्शना पान-सुपारी घेऊन निघून आली.

तिसऱ्या दिवशी गवरी वहाळात बोळवल्या. पावसाचं पाणी भरून वाहत होतं. रोपं काठाच्या कारवीत अडकली, पण पिकलेली बोंडं देठापासून सुटून वर आली आणि तरंगत निघाली. डौलात, खाडीच्या दिशेने, वाटेतल्या सगळ्या वाड्यांना दर्शन देत. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं म्हणतात. दर्शनाने मनाला तेच सांगितलं, की हेही तीन दिवसांचंच आहे, चार बोंडं आहेत, कुठेतरी खाऱ्या पाण्यात मरतील.

औषध लागू पडलं. ओवीचा ताप उतरला, जखम भरली, पाय राहिला. थोडा आखूड राहिला, पण राहिला. मंगेशने भर हॉस्पिटलात बहिणीच्या पायावर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडला. ओवीच्या शेजारच्या खाटांवरची माणसंही घरी गेली. पुढे तर हजारोंनी गेली. हे खोटं नाही, आणि विसरायचंही नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात वहाळाच्या काठाने नवा तेरडा उगवला आणि फुलला. मधमाश्या त्यावरून सड्यावर गेल्या आणि सड्यावरून वहाळावर आल्या. कात्रीने आपलं काम चोख केलं. तिसऱ्या वर्षी सड्यावरची निम्मी बोंडं फुटेनाशी झाली. ती झाडाखालीच पडायची. दिवाळीपर्यंत कातळ कोरडा ठणठणीत, त्यावर बोंडाचं साल वाळून शिंपल्यासारखं टणक व्हायचं, आणि बी आत गुदमरून मरायची. धाकट्या भावाचं फळ पाण्यात कुजून मोकळं होतं, पण कातळावर त्याला कुजवायला पाणी नव्हतं. पाचव्या वर्षी सड्यावर गुलाबी रंग शोधावा लागला. मग तोही दिसेना. दरवर्षी तेरडा कुजून कातळाच्या भेगांत चिमूटभर माती धरायचा, ती वाहून गेली. मधाची पोळी रिकामी राहायला लागली. बातम्या घाटावरून येऊ लागल्या, मग घाटापलीकडून.

चौकशी झाली, नाही असं नाही. तपासणीत केंद्राचाच गुण निघाला. पण मधल्या एका वादळात जाळी फाटली होती, आणि गवरीचं गावाने बाहेर काढलं नाही, त्यामुळे दोष वादळावर गेला. दर्शना त्या समितीवर होती. तिनेही मान डोलावली. केंद्रातलं पीक मात्र उत्तम चाललं होतं, कारण तिथे बोंड हाताने फोडून बी पेरतात.

शहरातल्यांनी वादळ म्हटलं, गावाने सुगंधा म्हटलं. डांबून ठेवलेली गवर हिने ओढून आणली, म्हणून गवर रुसली, आणि जाताना सगळा तेरडा घेऊन गेली. भांडण कुणी केलं नाही. फक्त गवरीच्या दिवशी सुगंधाला हाक मारायला कुणी येईना. बायका आता हळदीची पानं सुपात घालून आणतात, आणि पाष्ट्यांच्या घरावरून जाताना गाणं जरा हळू होतं. भिवाने नोकरी सोडली आणि तो लेकाकडे निघून गेला.

ओवी अकरा वर्षांची झाली, त्या वर्षीच्या गवरीला दर्शना घरी आली. सुगंधा पडवीत बसली होती. समोर रिकामं सूप. ते तिने धुऊन पुसून ठेवलं होतं, कशासाठी ते तिलाच ठाऊक. वाटेवरून गाणं गेलं. सुगंधाने मान खाली घातली.

ते बघून दर्शनाला राहवलं नाही. ती आयजवळ टेकली आणि सगळं सांगितलं. वाऱ्याने उडालेलं फडकं, अंगठ्याखाली दबलेलं बोंड, गुळणी, फोनमधली ओवी. सुगंधाने सूप मांडीवर ओढलं.

"म्हंजी उंबऱ्यात तुला ठावं व्हता?"

"हो आय."

"तवा सांगितला असतास, तर?"

"तर तेरडा राहिला असता. ओवीचं औषध थांबलं असतं."

सुगंधाने सुपाच्या काठावरून बोट फिरवलं. तिला राग आला असावा. मुलीला एक मुस्काटात द्यावी असं वाटलं असेल, तर तेही वाजवीच होतं.

"सात वर्सं मी गवरीची माफी मागतंय," ती शेवटी म्हणाली. "रोज. दिवा लावताना."

दर्शनाला रडू फुटलं. "मी आजच सांगते सगळ्यांना. मांडवकरणीच्या अंगणात उभी राहून सांगते. जे व्हायचं ते होऊ दे माझं."

"आणि मंग? सांगशील, तर का गप बसलीस तेपण सांगशील. ह्या ओवीच्या कानावर जाईल." सुगंधाने तिचा हात घट्ट धरला. "बाकीची मानसं औषधानं जगली. ही तुझ्या गप बसन्यानं जगली. त्या एवढ्याशा पोरीला कळला, का आपल्या पायासाठी अख्खा सडा मेला, तर ती जन्मभर सडा पाठीवर घेऊन चालंल. आधीच लंगडतेय."

"पण गाव तुला बोलतं, आय."

"बोलूं दे. माझी पाठ जुनी हाय."

एवढ्यात ओवीच आली, वहाळाकडून, एक पाय जरा ओढत. फ्रॉक गुडघ्यापर्यंत भिजलेला. वहाळाच्या तोंडाशी, दलदलीत, अजून दोन-चार रोपं तग धरून होती. तिच्या मुठीत एक बोंड होतं, फुगलेलं, हिरवं.

"आत्या, हे बघ काय मिळालं!" ती पायरीवर बसली आणि बोंड दाबायला लागली. "हे फुटतं ना गो? मी केव्हाची दाबतेय."

दर्शनाने आयकडे पाहिलं.

"फुटायचं ना पूर्वी? मला आठवतंय. हॉस्पिटलात माझ्या हातावर फुटलं होतं. बिया चादरीवर उडाल्या होत्या. मी हसले होते." ती दोघींकडे आळीपाळीने बघत होती. "बाबा म्हणतात, त्यांना काही आठवत नाही."

"सपान पडला असंल, बाय," सुगंधा म्हणाली. "ताप व्हता तुला लय."

"स्वप्न नव्हतं. आत्या, तू सांग. तुझं तर शिक्षणच ह्यात झालंय."

दर्शनाने पोरीच्या हातातलं बोंड घेतलं. साल जाड, हवेने फुगलेलं, तिने स्वतः घडवलं होतं तसंच. चादरीवरच्या त्या बिया तिला आजही एकेक दिसत होत्या. सलाईनच्या नळीला चिकटलेलीसुद्धा.

"नाही गो," ती म्हणाली. "तेरड्याचं बोंड असंच असतं. ते फुटत नाही."

ओवीने बोंड परत घेतलं. तिचा विश्वास बसला, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. आत्या खोटं कशाला बोलेल? तरी ते टाकून द्यायचं तिच्या जिवावर आलं. पायरीवर बसून ती अंगठ्याने ते दाबत राहिली, कानाशी नेऊन ऐकत राहिली, आणि आतून काहीच आवाज येत नव्हता.